बुडत्या जहाजावरचे वर्ग : चित्रपट काय दाखवतात, काय गाळतात

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या नाट्य-चित्रपट मंडळाकडून प्रश्न आला आहे. मोठ्या प्रवासी जहाजांच्या दुर्घटनांवरचे चित्रपट दोन दिवस दाखवायचे, चर्चा घ्यायची आणि त्यातूनच ४० मिनिटांची एकांकिका उभी करायची, असा त्यांचा बेत आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: या चित्रपटांत वेगवेगळ्या वर्गांचे उतारू कसे रंगवलेले असतात, आणि त्यातलं खरं किती?

मुद्द्याचं आधी सांगतो. जवळपास सगळे चित्रपट जहाजाचे दोनच भाग करतात. वर श्रीमंत, तळात गरीब आणि मधे कुलूप लावलेली जाळी. प्रत्यक्षात टायटॅनिकसारख्या जहाजावर उतारूंचे तीन वर्ग होते, आणि कामगारांचा चौथा. माणूस वाचणार की नाही, हे ठरवण्यात कुलपापेक्षा तीन गोष्टींचा हात मोठा होता. धोक्याची बातमी त्याला किती वाजता कळली, लाइफबोटींपर्यंतची वाट त्याला माहीत होती का, आणि बुडायच्या आधी जहाजानं किती वेळ दिला. कुलूप पडद्यावर दाखवायला सोपं असतं, उशिरा आलेली बातमी दाखवायला अवघड. म्हणून चित्रपट कुलपाकडे वळतात.

सांगलीच्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. २००५ आणि २०१९ च्या महापुरात पाणी माणूस पाहून घरात शिरलं नाही. पण आयर्विन पुलाजवळची पातळी कुणाला वेळेवर कळली, कुणाला वरचा मजला होता, कुणाला रात्री कुठे जायचं हे ठाऊक होतं, यावर बरंच काही ठरलं. टायटॅनिकवर हेच झालं, फक्त दोन तास चाळीस मिनिटांत.

चित्रपट लावण्याआधी आकडे फळ्यावर लिहा. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११:४० ला हिमनगावर आदळलं आणि २:२० ला बुडालं. लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश चौकशी अहवालातला तक्ता असा आहे: पहिल्या वर्गात ३२५ उतारू, वाचले २०३. दुसऱ्या वर्गात २८५, वाचले ११८. तिसऱ्या वर्गात ७०६, वाचले १७८. कर्मचारी ८८५, वाचले २१२. नंतरच्या संशोधनात हे आकडे थोडेफार बदलले. त्या तक्त्यात पहिल्या वर्गातली सगळी मुलं वाचली असं आहे, पण दोन वर्षांची लॉरेन ॲलिसन ही पहिल्या वर्गातलीच मुलगी बुडाली होती. तरी तुलनेसाठी हा तक्ता पुरेसा आहे.

एवढ्यावर थांबलात तर चित्रपटांचीच गोष्ट पुन्हा हाती येईल: वरचे ६२ टक्के वाचले, खालचे २५ टक्के. म्हणून तक्ता स्त्री, पुरुष, मुलं असा फोडा. पहिल्या वर्गातल्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या, दुसऱ्या वर्गातल्या ९३ पैकी ८०, तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ७६. तिसऱ्या वर्गात ७९ मुलं होती, त्यांतली २७ वाचली, म्हणजे शंभरात ३४. पहिल्या वर्गातले पुरुष १७५, वाचले ५७, म्हणजे शंभरात ३३. 'बायका-मुलं आधी' हा हुकूम असलेल्या जहाजावर गरिबाचं लेकरू आणि श्रीमंत बाप्या यांची वाचण्याची शक्यता जवळपास सारखी निघाली. वर्गाबद्दल याहून कठोर वाक्य कुठल्याही चित्रपटाच्या संवादांत नाही.

आता पुरुषांचा रकाना नीट पाहा. तिसऱ्या वर्गातले ४६२ पुरुष, वाचले ७५, म्हणजे १६ टक्के. दुसऱ्या वर्गातले १६८ पुरुष, वाचले फक्त १४, म्हणजे ८ टक्के. सगळ्या उतारूंमध्ये सर्वांत कमी प्रमाणात वाचले ते दुसऱ्या वर्गातले पुरुष. शिक्षक, पाद्री, दुकानदार, कारकून, नवा धंदा काढायला निघालेली मंडळी. 'वर म्हणजे सुरक्षित, खाली म्हणजे मरण' या मांडणीत हा आकडा बसत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच हा वर्ग चित्रपटांतून गायब झाला. पटकथेला दोन टोकं हवी असतात. मधला माणूस ना राग आणतो, ना हेवा.

दुसऱ्या वर्गात जोसेफ लारोश नावाचे हैतीचे इंजिनियर होते. जहाजावरच्या मोजक्या कृष्णवर्णीय उतारूंपैकी ते एक. ते बुडाले, गरोदर पत्नी आणि दोन मुली वाचल्या. एवढा ऐवज असूनही गाजलेल्या चित्रपटांत ते दिसत नाहीत. दुसऱ्या वर्गाला खरी जागा देणारा चित्रपट पाहायचा तर १९७९ चा दूरचित्रवाणीपट 'एस.ओ.एस. टायटॅनिक' घ्या. त्यात लॉरेन्स बीझ्ली हे दुसऱ्या वर्गातून वाचलेले विज्ञानशिक्षक महत्त्वाचं पात्र आहेत आणि भूमिका डेव्हिड वॉर्नरची आहे. हाच नट १९९७ च्या 'टायटॅनिक'मध्ये श्रीमंत नायकशत्रूचा नोकर लव्हजॉय झाला. या दूरचित्रवाणीपटाच्या दोन आवृत्त्या फिरतात, त्यातली लांब मिळवा.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करणारे आठ जण प्रत्येक टायटॅनिकपटात दिसतात, फक्त कुणी त्यांना त्या वर्गाचे म्हणून ओळखत नाही. ते म्हणजे वॉलेस हार्टली आणि त्यांचे वादक. आठही बुडाले. ते कंपनीचे थेट नोकर नव्हते, एका एजन्सीमार्फत लावलेले होते, कागदोपत्री उतारू. त्यामुळे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली त्यांच्या घरच्यांना काही मिळालं नाही, आणि जॉक ह्यूम या तरुण व्हायोलिनवादकाच्या वडिलांकडे तर गणवेशाच्या खर्चाचं बिल गेलं. वर्ग म्हणजे काय, हे दाखवायला यापेक्षा चांगला दाखला नाही. चित्रपट मात्र त्यांच्याकडून शेवटचे सूर वाजवून घेतात आणि पुढे सरकतात.

आता जाळ्यांचा प्रश्न, कारण चर्चेत सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. १९९७ च्या चित्रपटात छतापर्यंतच्या लोखंडी जाळ्या, त्यांना लटकलेले उतारू आणि बाक उखडून ती जाळी फोडणारी मंडळी आहेत. प्रत्यक्षात ओढून बंद करायच्या उंच घडीच्या जाळ्या जहाजावर होत्या, पण त्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या भागात. उतारूंच्या जिन्यांवर तशा जाळ्या असल्याचं आराखड्यांत दिसत नाही. उघड्या डेकवर वर्गावर्गांच्या मधे कंबरेइतकी फाटकं होती. डॅनियल बकली या तिसऱ्या वर्गातल्या आयरिश तरुणानं अमेरिकी सिनेटच्या चौकशीत साक्ष दिली, ती अशाच जिन्याच्या डोक्यावरच्या छोट्या फाटकाची. एका माणसाला खाली ढकललं, खलाशानं फाटकाला कुलूप घातलं, आणि त्याच उतारूनं ते फोडलं. म्हणजे अडवणूक झाली हे खरं. ती ठरवून सगळ्या तिसऱ्या वर्गाला कोंडण्याची योजना होती, याला मात्र पुरावा नाही.

फाटकं आली कुठून, तेही समजून घ्या. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यानुसार रोगराईच्या भीतीनं तिसऱ्या वर्गाला इतरांपासून वेगळं ठेवणं आवश्यक होतं. न्यूयॉर्कला पोचल्यावर या वर्गाची तपासणी एलिस बेटावर व्हायची, पहिल्या-दुसऱ्या वर्गाची जहाजावरच उरकायची. एकटे पुरुष जहाजाच्या पुढच्या टोकाला, एकट्या बायका आणि कुटुंबं मागच्या टोकाला. जहाज २६९ मीटर लांब. पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारा 'ई' डेकवरचा लांब पॅसेज, ज्याला खलाशी 'स्कॉटलंड रोड' म्हणत, हाच तिसऱ्या वर्गाचा आणि कामगारांचा रस्ता. लाइफबोटी होत्या सगळ्यात वरच्या डेकवर, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या फिरण्याच्या जागेत. तिसऱ्या वर्गातल्या उतारूनं तिथे नेणारा जिना चार दिवसांत एकदाही चढलेला नव्हता. लाइफबोटीची कवायत उतारूंसाठी घेतलेली नव्हती. पाट्या इंग्रजीत, आणि तिसऱ्या वर्गात स्वीडिश, फिन, बल्गेरियन, आज ज्याला लेबनॉन म्हणतो त्या भागातली माणसं.

जॉन हार्ट या तिसऱ्या वर्गाच्या स्ट्युअर्डची, म्हणजे उतारूंची सोय पाहणाऱ्या नोकराची, साक्ष मिळवून वाचा. साधारण साडेबाराला त्याला बायका-मुलांना वर पाठवायचा हुकूम मिळाला. त्यानं एक जथा वर नेला, लाइफबोट क्रमांक ८ पाशी सोडला, परत खाली आला, दुसरा जथा क्रमांक १५ पर्यंत नेला. दोन फेऱ्यांत मिळून पन्नासच्या वर माणसं. एक वाट माहीत असलेला माणूस मिळाला की कुलूप असो-नसो, लोक वर पोचत होते. असे हार्ट आणखी दहा असते तर काय झालं असतं, हा प्रश्न कुठल्याच चित्रपटानं विचारलेला नाही, आणि माझ्या मते एकांकिकेचा विषय तोच आहे.

ब्रिटिश चौकशीत तिसऱ्या वर्गातला एकही उतारू साक्षीला बोलावला गेला नाही. सिनेटनं तिघांना ऐकलं. वृत्तपत्रांनी प्रामुख्यानं पहिल्या वर्गाच्या मुलाखती घेतल्या. याचा थेट परिणाम पटकथांवर दिसतो. वरची माणसं खऱ्या नावांची, ॲस्टर, गुगेनहाइम, स्ट्रॉस पती-पत्नी, मार्गारेट ब्राउन. खालची बहुतेक काल्पनिक, आणि बहुतेक आयरिश. १९१८ मध्ये विन्सर मॅके यांनी लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाच्या बुडण्यावर केलेल्या ॲनिमेशनपटात तर गोष्ट थांबवून व्हँडरबिल्ट, फ्रोमन अशा नामवंत मृतांची चित्रं दाखवली आहेत. मृत सुमारे १,२००. चेहरा मिळाला चौघांना.

आता चित्रपटांचा क्रम. १९२९ चा 'अटलांटिक' मुख्यतः पहिल्या वर्गाच्या बैठकीत घडतो. बोलपटाचा अगदी सुरुवातीचा काळ, नाटकावरून घेतलेली गोष्ट, त्यामुळे तळाशी जायची गरजच वाटलेली नाही. इतिहास म्हणून नोंदवा, दाखवायला वेळ घालवू नका.

१९४३ चा जर्मन 'टायटॅनिक' नाझी प्रचारपट आहे. एक काल्पनिक जर्मन अधिकारी इशारे देत राहतो आणि ब्रिटिश धनाढ्य शेअरच्या भावासाठी जहाज पळवतात. शेवटी इंग्लंडच्या नफेखोरीवर ठपका ठेवणारी पाटी येते. गरिबांबद्दलची कणव प्रचाराला कशी वापरता येते, हे शिकवायला याहून उघड उदाहरण नाही, म्हणून दहा मिनिटं तरी दाखवा. दिग्दर्शक हर्बर्ट झेल्पिन यांना चित्रीकरणाच्या काळातच अटक झाली आणि ते कोठडीत मृत सापडले. ज्या 'काप आर्कोना' जहाजावर काही चित्रीकरण झालं, ते मे १९४५ मध्ये छळछावण्यांतले कैदी भरलेलं असताना ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात गेलं.

१९५३ च्या हॉलिवूडच्या 'टायटॅनिक'मध्ये क्लिफ्टन वेबचं श्रीमंत पात्र तिकीट मिळत नाही म्हणून एका बास्क स्थलांतरिताकडून तिसऱ्या वर्गाचं तिकीट विकत घेतं आणि जहाजावर चढताच वरच्या वर्गात निघून जातं. पुढे तोच माणूस त्या बास्क कुटुंबाला खालून वर आणतो. ही युक्ती नीट ओळखून ठेवा, कारण ती पुन:पुन्हा येते. गरीब कुटुंब पटकथेत असतं ते श्रीमंताचं मन मोठं झालं हे सिद्ध करायला. त्या कुटुंबाला स्वतःचा निर्णय एकही घेऊ दिलेला नसतो.

१९५८ चा ब्रिटिश 'अ नाइट टू रिमेंबर' हा पूर्ण दाखवायचा. १२३ मिनिटं, कृष्णधवल, दिग्दर्शक रॉय वॉर्ड बेकर. वॉल्टर लॉर्ड यांनी वाचलेल्या ६० हून अधिक लोकांशी संपर्क साधून लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. जहाजाचे चौथे अधिकारी बॉक्सहॉल चित्रीकरणाला सल्लागार होते. सुरुवातीलाच आगगाडीत साबणाची जाहिरात येते, पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठीचा साबण म्हणून. मग जमीनदार घराण्याचा निरोप आणि आयरिश स्थलांतरितांचा निरोप जवळजवळ ठेवलेले. पण खरा प्रसंग पुढे आहे. खालची मंडळी अडथळा फोडून धावत येतात आणि पहिल्या वर्गाच्या जेवणघरात शिरतात. जहाज बुडतंय, मागून पाणी येतंय, आणि तरी ती क्षणभर थबकतात. मांडलेली टेबलं, चमकणारी भांडी. इथे कुणी त्यांना अडवलेलं नाही. या जागेत आपण नसायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे. जाळीशिवाय वर्ग दाखवणारा असा प्रसंग या सगळ्या चित्रपटांत मला दुसरा माहीत नाही. इथे थांबा, पुन्हा लावा, आणि मुलांना पाय पाहायला सांगा, चेहरे नकोत.

या चित्रपटाच्या सेटवर पाहुणे म्हणून आलेले खुद्द लॉरेन्स बीझ्ली बुडण्याच्या दृश्यातल्या गर्दीत घुसले होते आणि दिग्दर्शकानं त्यांना बाहेर काढलं. कारण नटांच्या संघटनेच्या नियमांचं होतं. तरी दुसऱ्या वर्गाचा खराखुरा उतारू चौकटीबाहेर गेला, हे इथे नोंदवण्याजोगं.

१९९७ चा जेम्स कॅमेरॉनचा 'टायटॅनिक' १९५ मिनिटांच्या आसपास आहे. पूर्ण लावलात तर चर्चा होणार नाही, लोक रडून घरी जातील. पाच तुकडे घ्या. पहिला, जहाजावर चढतानाचा: वर मोटारीतून उतरणारी श्रीमंत नायिका रोज, खाली उवा तपासून घेणारी रांग. दुसरा, पहिल्या वर्गाच्या कुत्र्यांना फिरवायला तिसऱ्या वर्गाच्या डेकवर आणतात तो छोटा प्रसंग. तिसरा, वरचं जेवण आणि लगेच खालचा नाच. चौथा, जाळी आणि बाक. पाचवा, अगदी शेवटचा जिना.

तिसऱ्या तुकड्याची कारागिरी फार सूक्ष्म आहे. वर कॅमेरा स्थिर, माणसं बसलेली, काट्या-चमच्यांची अदब. खाली कॅमेरा नाचणाऱ्यांबरोबर गरगर फिरतो, पाइप आणि ढोल, घाम, बिअर. मधेच वरच्या धूम्रपानाच्या खोलीतला एक कट येतो, उद्योग-कायद्याची चर्चा करणारे पुरुष. प्रेक्षकाला आपण कुठे बसायचं हे सांगायला एवढं पुरतं. पण यातला तोटाही मुलांना दाखवा. गरिबी इथे आनंदाची जागा झाली आहे. खालचे लोक नाचतात, दारू पितात, मोकळे असतात. ते नोकरीचा, भाड्याचा, सोडून आलेल्या आईचा विचार करताना फारसे दिसत नाहीत. जहाजावरचा खरा तिसरा वर्ग तर चित्रपटांतल्या अंधाऱ्या तळघरापेक्षा बराच बरा होता. बंक असलेल्या केबिन, मागच्या टोकाला पियानो ठेवलेली बैठकीची खोली, न्याहारीला ओटची पेज आणि मासळी. आंघोळीचे टब मात्र सातशे माणसांना दोन. अडचण राहणीपेक्षा जास्त जहाजावरच्या जागेची होती.

न्याय म्हणून हेही सांगा की याच चित्रपटात शब्दकोश हातात घेऊन पाटीचा अर्थ लावायला धडपडणारं परदेशी कुटुंब आहे. काही सेकंदांचं दृश्य. माझ्या दृष्टीनं जाळीच्या सगळ्या प्रसंगाहून ते सत्याच्या जवळचं. शेवटच्या जिन्यावर सगळे वर्ग एकत्र उभे राहून टाळ्या वाजवतात, घड्याळात २:२० वाजलेले असतात. जिवंतपणी ज्या जिन्यावर तिसऱ्या वर्गाला पाय ठेवता येत नव्हता तो मेल्यावर खुला होतो. हे सुंदर आहे की पळवाट, यावर अर्धा तास सहज जाईल. माझं मत पळवाटीकडे झुकतं.

सगळे चित्रपट कामगारांना कसे वागवतात, ते वेगळं तपासा. वरच्या खास रेस्टॉरंटात लुइजी गाती यांच्या हाताखाली साठाहून जास्त माणसं होती, बहुतेक इटालियन आणि फ्रेंच. वाचले तीन, त्यांतल्या दोघी कॅशिअर बायका. तिसऱ्याची, पॉल मोझेची साक्ष आहे की रेस्टॉरंटच्या लोकांना वर जाऊ दिलं नाही. चित्रपटात ते फक्त वाढताना दिसतात. याच्या उलट टोकाला १९७२ चा 'द पोसायडन ॲडव्हेंचर' आहे. तिथे तिकिटाचे वर्ग नाहीतच, जहाज उलटं झालं आहे, आणि सुटकेची वाट इंजिनाच्या आणि कामगारांच्या भागातून तळाकडे, म्हणजे आता वर, जाते. जहाजाची माहिती असलेला जखमी वेटर ॲकर्स सोबत असतो आणि मुख्य जथ्यातला तोच सगळ्यांत आधी पडून मरतो. वाट माहीत असलेला नोकर आधी जातो, मग उतारू आपापसांत नायक निवडतात.

वेळेचा मुद्दा लुसिटानियावरून समजतो. ७ मे १९१५ ला पाणतीर (टॉर्पेडो) लागल्यावर ते १८ मिनिटांत बुडालं, आणि तिन्ही वर्गांत वाचलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली आपली 'रामदास' बोट अशीच झटक्यात गेली, सहाशेहून जास्त माणसं बुडाली, आणि बातमी मुंबईत पोचायला कित्येक तास गेले. मरण झटपट आलं की कोण कुठल्या वर्गाचा याचा फरक पुसट होतो. ते सावकाश आलं की रचना कामाला लागते: कुणाला उठवायचं, कुणाला थांबा म्हणायचं, कुणासाठी दार धरायचं. म्हणून वर्गावरचे चित्रपट टायटॅनिकवरच जास्त निघतात.

पाहण्याची पद्धत. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाकडे एक स्टॉपवॉच आणि एक तक्ता. रकाने: प्रसंग सुरू आणि संपण्याची वेळ, जागा कुठल्या वर्गाची, बोलणारा कुठल्या वर्गाचा, त्याला नाव आहे का, दार कोण उघडतं किंवा बंद करतं, आणि धोक्याची बातमी त्याला कुणी दिली. जागा आणि माणूस हे रकाने वेगळेच ठेवा. कॅमेरॉनच्या चित्रपटाचा नायक जॅक वरच्या जेवणघरात बसतो तेव्हा जागा पहिल्या वर्गाची, माणूस तिसऱ्या. हे एकत्र केलं की बेरीज फसते. टक्कर होण्याआधीची आणि नंतरची मिनिटंही वेगळी मोजा, कारण बहुतेक चित्रपट टक्कर झाल्यावरच खाली उतरतात, आणि एकच बेरीज केली तर ते दिसत नाही. एकाच तुकड्यावर दोन गटांनी स्वतंत्र मोजणी करावी. आकडे जुळले नाहीत तर ज्या प्रसंगावर मतभेद आहे तोच पुन्हा लावा, चर्चा तिथूनच सुरू होते. वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेळा पुढे-मागे असतात, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या वेळा उतरवून घेऊ नका. तिकीट लावून खेळ करणार असाल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या. वर्गात शिकवणं आणि सार्वजनिक खेळ या वेगळ्या गोष्टी.

एकांकिकेसाठी हिशेब सोपा पडतो. १६० मिनिटं ४० मध्ये बसवायची, म्हणजे रंगमंचावरचं एक मिनिट जहाजावरची चार. टक्कर शून्यावर. हार्टला हुकूम मिळतो साडेबारा मिनिटांवर. पहिली लाइफबोट, क्रमांक ७, पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला सुटते, ६५ ची जागा असून २८ माणसं घेऊन. हार्टचा दुसरा जथा तिसाव्या मिनिटाला बोटीत बसतो. शेवटची बोट छत्तिसाव्याला. या वेळा विंगेतल्या माणसाच्या हातात लिहून द्या आणि त्या पाळा. प्रेक्षकांना साडेबारा मिनिटं काहीच न घडणारा तिसरा वर्ग बघू द्या. तिथे कात्री लावायचा मोह होईल, पण विषय तिथेच आहे.

नेपथ्यात दुमजली मांडणी टाळा. वर-खाली दाखवलंत की पुन्हा तीच दोन टोकांची गोष्ट होते, आणि स्पर्धेत पंधरा मिनिटांत उभं करायचं नेपथ्य डळमळतं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून इथल्या रंगमंचाला ठाऊक आहे की जागा नटाच्या चालण्यातून उभी राहते. लाइफबोटी रंगमंचाच्या एका कोपऱ्यात ठेवा, दीड फुटाच्या एका लेव्हलवर. पहिल्या वर्गाला तिथे जायला चार पावलं. दुसऱ्या वर्गाला रंगमंच ओलांडून. तिसऱ्या वर्गाला मागच्या दारातून, प्रेक्षागृहाच्या मधल्या वाटेनं, वळसा घेऊन. हार्टचं काम करणाऱ्यानं हा फेरा दोनदा खरोखर चालावा, धावत नको. त्याला लागणारी मिनिटंच संवादाचं काम करतील. वादक दुसऱ्या वर्गाच्या जागेतूनच उठून येऊ देत.

भाषेचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि इथे तुमच्याकडे मुंबई-पुण्याच्या गटांपेक्षा जास्त सोय आहे. तिसऱ्या वर्गाला इंग्रजी पाट्या कळत नव्हत्या, हे मराठी संवादातून सांगू नका. जतकडची कन्नड बोलणारी मुलं तुमच्या महाविद्यालयात असतील. पण तिसऱ्या वर्गाला कन्नड देऊन वरच्यांना मराठी दिलंत तर प्रेक्षक वरच्यांच्या बाजूला बसेल. उलट करा. तिसरा वर्ग मराठीत बोलू दे, इथल्याच मराठीत. जहाजावरचे हुकूम, घोषणा, पाट्या अशा भाषेत ठेवा जी सभागृहात कुणालाच येत नाही. मल्याळम किंवा बंगाली चालेल, पण ती नीट येणाऱ्याकडून लिहून आणि उच्चार बसवून घ्या, तोंडाला येईल ते बडबडू नका. मग घंटा वाजेल, कुणीतरी जोरात काही सांगून निघून जाईल, आणि काय सांगितलं हे तिसऱ्या वर्गाइतकंच प्रेक्षकांनाही कळणार नाही. हार्टचं पात्र आलं की तो हातानं 'चला' म्हणेल. पहिल्या तालमीतच हा भाग मोकळ्या सभागृहात करून पाहा, शेवटच्या रांगेत दोन माणसं बसवून. वळशाच्या वाटेनं येणाऱ्या नटांचे आवाज पुढच्या रांगांना पोचतात का, हे तेव्हाच कळेल.